मागणाऱ्यांचा इतिहास



कोणत्याही जुन्या रुग्णालयाच्या दारांत उभें राहिलें, म्हणजे भिंतींत बसविलेली एक संगमरवरी शिळा दिसते. तिच्यावर दात्याचें नांव असतें, कोनशिला बसविणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव असतें, साल असतें. परंतु त्या दात्याकडे पहिल्यानें जो मनुष्य गेला, ज्यानें आजाऱ्यांची गाऱ्हाणीं त्याच्या कानांवर घातलीं, हिशेब मांडून दाखविला आणि उत्तर आलें नाहीं तरी पुन्हां पत्र लिहिलें, त्याचें नांव त्या शिळेवर बहुधा नसतें. आपल्याकडे दानाचा महिमा पुष्कळ गाइला गेला आहे. मागण्याला मात्र आपण कमीपणा मानतों. स्वतःच्या पोटासाठीं हात पसरणें आणि दुसऱ्याच्या दुखण्यासाठीं हात पसरणें, यांतला भेद आपण नीटसा ध्यानांत घेत नाहीं. म्हणून आज मी दात्यांविषयीं थोडें आणि मागणाऱ्यांविषयीं अधिक बोलणार आहें.

विषय मोठा आहे. तेव्हां एकच उदाहरण सविस्तर पाहूं आणि त्याच्या आधारानें इतर दोनचार उदाहरणांकडे वळूं. तें उदाहरण मुंबईच्या कामा रुग्णालयाचें. बोरीबंदर स्टेशनापासून जवळ, आझाद मैदानाच्या अंगाला असलेली ही इमारत आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. कित्येकांचा जन्मही तेथें झाला असेल. स्त्रिया आणि मुलें यांच्यासाठीं बांधलेलें आणि स्त्री-डॉक्टरांच्याच हातीं सोंपविलेलें हें रुग्णालय १८८६ सालीं उघडलें. तें कसकसें मागितलें गेलें, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम त्यापूर्वीची स्थिति पाहूं. मुंबईंत रुग्णालय नव्हतें, असें नाहीं. १८३८ सालीं गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट आणि जमशेटजी जिजीभाई यांच्यामध्यें शहरासाठीं नव्या रुग्णालयाविषयीं बोलणें निघालें. जमशेटजींनीं १ लाखाहून अधिक रुपये दिले आणि कंपनी सरकारनेंही आपल्याकडून भार उचलला. तरीही बोलणें निघाल्यापासून कोनशिला बसेपर्यंत पांच वर्षें गेलीं. कोनशिला १८४३ च्या जानेवारींत बसली. १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजींचें रुग्णालय हीं दोन्हीं सुरू झालीं. ज्यांच्या नांवाचें तें कॉलेज, ते ग्रँटसाहेब १८३८ सालींच वारले होते. देणारा तयार असूनही लोकोपयोगी कामाला किती काळ लागतो, याचा हा एक नमुना.

जमशेटजींच्या रुग्णालयाचें दार गरीब, श्रीमंत, हिंदु, मुसलमान, पारशी अशा सर्वांना मोकळें होतें. परंतु दार मोकळें असणें निराळें आणि त्या दारांतून आंत येतां येणें निराळें. त्या काळीं डॉक्टर म्हणजे पुरुष. घरंदाज स्त्री परपुरुषापुढें नाडी दाखविण्याससुद्धां कचरत असे. मग बाळंतपणांतल्या अवघड दुखण्याची गोष्ट काय बोलावी? घरीं सुईण येई. तिच्या हाताला अनुभव असे. परंतु मूल आडवें आलें किंवा रक्तस्राव थांबेना, म्हणजे तिचाही इलाज चालत नसे. डॉक्टरला बोलावलेंच, तर तो पडद्याच्या अलीकडे बसून प्रश्न विचारी आणि नवऱ्याकडून किंवा सासूकडून उत्तरें ऐकून औषध लिहून देई. असें औषध लागू पडलें, तर तें नशीबच म्हणावयाचें.

मी आयुष्यभर शाळामास्तर होतों, म्हणून शाळेचाच दाखला देतों. हजेरीपट पाहिला, कीं वर्गांत किती मुलें आलीं आणि किती गैरहजर राहिलीं, हें समजतें. परंतु जीं मुलें शाळेंत कधीं घातलींच नाहींत, त्यांची गणती कोणत्याही हजेरीपटावरून होत नाहीं. त्यासाठीं मास्तरला वर्गाबाहेर पडून गांवांत हिंडावें लागतें. रुग्णालयाच्या नोंदवहीचें असेंच आहे. आलेले रोगी तींत दिसतात. जे येऊंच शकले नाहींत, ते दिसत नाहींत. मुंबईंत जमशेटजींचें रुग्णालय उघडल्यापासून स्त्री-डॉक्टरांच्या हातचें रुग्णालय उघडेपर्यंत चाळीस वर्षें लोटलीं. त्याचें एक कारण माझ्या मतें हेंच, कीं न येणाऱ्या स्त्रिया कोणत्याच कागदावर नव्हत्या. त्यांना कागदावर आणणें, हेंच त्यांच्या वतीनें मागणाऱ्यांचें पहिलें काम होतें.

या स्त्रियांचें गाऱ्हाणें अगदीं वरच्या दरबारीं पोंचलें, तें एका राणीमुळें. बुंदेलखंडांतील पन्ना संस्थानची महाराणी आजारी होती. लखनौस मिशनच्या वतीनें वैद्यकीय काम करणाऱ्या एलिझाबेथ बील्बी या बाईंना तिनें उपचारासाठीं बोलावून घेतलें. पुढें बील्बीबाई विलायतेस निघाल्या, तेव्हां हिंदुस्थानांतील स्त्रियांचे आजारपणांत काय हाल होतात, तें राणी व्हिक्टोरियाला समक्ष सांगावें, असें महाराणीनें त्यांच्याकडून वचन घेतलें. तो निरोप बारीक अक्षरांत लिहून एका लॉकेटांत घालून दिला होता, असें सांगतात. १८८१ सालीं बील्बीबाईंनीं तो निरोप राणी व्हिक्टोरियाच्या कानांवर घातला. आकारानें इतका लहान अर्ज क्वचितच दुसरा कोणी केला असेल. परंतु त्या अर्जाला संघटित स्वरूपाचें उत्तर मिळण्यास चार वर्षें लागलीं. तोंवर मुंबईकरांनीं स्वतःच्या पायांवर चालावयास सुरुवात केली होती.

१८८२ सालीं विलायतेंतील एका मासिकांत डॉ. फ्रान्सिस हॉगन या बाईंनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या औषधोपचाराविषयीं लेख लिहिला. स्त्रियांसाठीं स्त्रियांनींच चालविलेलें निराळें वैद्यकीय खातें सरकारनें उघडावें, अशी त्यांची सूचना होती. सूचना मोठी होती, आणि सरकारकडून ती एकदम मान्य होणें संभवनीय नव्हतें. मुंबईंत मात्र हा विचार दोन गृहस्थांनीं उचलून धरला. एक जॉर्ज किट्रेज. हे अमेरिकन व्यापारी. मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ सालीं ज्या घोड्यांच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या, त्या कंपनीशीं यांचा संबंध होता. दुसरे सोराबजी शापूरजी बेंगाली. पारशी समाजांतील सुधारक, वर्तमानपत्रकार, आणि गिरण्यांतल्या मजुरांच्या, विशेषतः बायकामुलांच्या, कामाच्या तासांना कायद्यानें आळा बसावा म्हणून खटपट केलेले गृहस्थ. एकाजवळ व्यापाऱ्याचा हिशेबीपणा आणि दुसऱ्याजवळ लोकांचा विश्वास. दोघांपैकीं एकही डॉक्टर नव्हता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

त्यांनीं स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीं निधि उभारण्यास सुरुवात केली. निधीचे हेतु तीन ठेवले. पहिला, विलायतेहून शिकलेल्या स्त्री-डॉक्टर आणाव्या आणि त्यांच्या प्रवासखर्चाची व प्रारंभींच्या ठराविक वर्षांच्या वेतनाची हमी निधीनें घ्यावी. दुसरा, स्त्रियांनींच चालविलेला दवाखाना आणि रुग्णालय स्थापावें. तिसरा, मुंबईच्या मेडिकल कॉलेजांत मुलींना प्रवेश मिळवावा, म्हणजे पुढें विलायतेकडे पाहत बसावें लागणार नाहीं. या तिन्ही हेतूंचा क्रम पाहा. साधारण मनुष्य आधीं इमारत मागतो, कारण इमारत डोळ्यांना दिसते आणि देणाऱ्यालाही दाखवितां येते. या दोघांनीं आधीं माणूस मागितला, मग जागा मागितली आणि शेवटीं ती माणसें येथेंच तयार होण्याची सोय मागितली. डॉक्टरच मिळाली नसती, तर तो सुंदर वाडा स्त्रियांना जमशेटजींच्या रुग्णालयाइतकाच दूर राहिला असता.

किट्रेज यांनीं ज्या बाईंना बोलावलें, त्यांचें नांव डॉ. ईडिथ पीची. एडिंबरो विद्यापीठांत वैद्यक शिकण्यासाठीं ज्या पहिल्या सात स्त्रिया झगडल्या, त्यांतल्या या एक. १८७० सालीं रसायनशास्त्राच्या परीक्षेंत त्यांनीं शिष्यवृत्ति मिळण्याजोगे गुण मिळविले. परंतु विद्यार्थिनी म्हणून ती शिष्यवृत्ति त्यांना नाकारण्यांत आली. एडिंबरोनें पदवी दिली नाहीं, म्हणून त्यांनीं १८७७ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथून ती घेतली आणि नंतर लीड्स शहरीं चांगला जम बसविला. असा जम सोडून परक्या देशीं येण्यास मनुष्य केव्हां तयार होतो? बोलावणाऱ्याच्या शब्दाला आधार असेल तेव्हां. वेतनाची हमी आधीं ठरविली होती, तिचा उपयोग येथें झाला. १८८३ च्या डिसेंबरांत पीचीबाई मुंबईस उतरल्या.

त्या येण्यापूर्वींच दुसऱ्या हेतूला दाता भेटला होता. पेस्तनजी होर्मसजी कामा यांनीं स्त्रियांच्या रुग्णालयासाठीं प्रथम १ लाख रुपये देऊं केले. पुढें ही रक्कम वाढून दीड लाखांच्या वर गेली. परंतु शेटजींनीं नुसती थैली पुढें केली नाहीं. रुग्णालयाचा कारभार स्त्री-डॉक्टरांच्या हातीं असला पाहिजे, अशी त्यांची अट होती. आणि जागेचा व चालू खर्चाचा भार सरकारनें घ्यावा, असें बोलणें होतें. या अटींवर सरकारशीं लिहिणेंपुसणें झालें आणि अखेर मान्यता मिळाली. २२ नोव्हेंबर १८८३ रोजीं राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्तें कोनशिला बसली. इमारत पुरी होण्यास अडीच वर्षांहून अधिक काळ जावयाचा होता. तोंवर रोगी वाट पाहत राहणार काय? जाफर सुलेमान या दात्याच्या देणगीनें १८८४ सालीं स्त्रियांसाठीं दवाखाना उघडला आणि पीचीबाईंनीं तेथें रोगी तपासण्यास आरंभ केला. रुग्णालय १८८६ सालीं उघडलें, तेव्हां त्याच्या दाराशीं येणाऱ्या स्त्रियांना डॉक्टरीणबाईंची ओळख आधींच झालेली होती. याच आवारांत पुढें बमनजी एदलजी आल्ब्लेस यांच्या नांवाचें प्रसूतिगृह जोडलें गेलें. म्हणून आजही त्या संस्थेच्या नांवांत कामा आणि आल्ब्लेस हीं दोन्हीं नांवें आहेत.

तिसरा हेतुही १८८३ सालींच साधला. ग्रँट मेडिकल कॉलेजचें दार मुलींना उघडलें.

येथें चालू खर्चाविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. शाळेसाठीं ग्रँटचे अर्ज लिहिण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं. त्यांत एक गोष्ट पदोपदीं अनुभवास आली. इमारतीला, घड्याळाला, बक्षिसांच्या पुस्तकांना दाता चटकन् मिळतो. शिपायाच्या पगाराला, छपराच्या डागडुजीला, खडूला मिळत नाहीं. कारण पहिल्या प्रकारच्या देणगीवर नांव घालतां येतें आणि दुसरी वर्षाच्या अखेरीस नाहींशी होते. रुग्णालयाचें तर याहून कठीण. तेथें रोज औषध संपतें, रोज कपडे धुवावे लागतात, रात्रंदिवस कोणीतरी जागें राहावें लागतें. इमारत एकदां बांधावी लागते. रुग्णालय रोज चालवावें लागतें. जो अर्ज हा रोजचा खर्च लपवितो, तो दात्याला तर फसवितोच; त्याहून अधिक तो त्या रोग्याला फसवितो, जो तिसऱ्या वर्षीं येऊन बंद दार पाहतो. कामा रुग्णालयाच्या बाबतींत चालू खर्चाचा प्रश्न इमारतीआधीं सोडविला होता. आणि तें रुग्णालय आज इतक्या वर्षांनंतरही सरकारी रुग्णालय म्हणून चालू आहे, याचें श्रेय मी त्या दूरदृष्टीला देतों.

त्याच १८८३ सालीं अठरा वर्षांच्या एका महाराष्ट्रीय मुलीनें असाच एक अर्ज केला होता. तिचें नांव आनंदीबाई जोशी. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळावा म्हणून तिनें लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्यांतला आशय असा, कीं माझ्या देशांतल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात. त्यांना खरी मदत मिळावी म्हणून मी आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून इतक्या दूर आलें आहें. कोणताही आंकडा न देतां, जी स्त्री नोंदवहींत कधीं येत नाहीं, तिचीच गोष्ट या मुलीनें सांगितली. कॉलेजनें तिला घेतलें. समुद्रापार जाण्याआधीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत तिनें जाहीर भाषण करून आपला हेतु लोकांपुढें मांडला होता, आणि त्यानंतर तिला ठिकठिकाणांहून साहाय्यही आलें. ११ मार्च १८८६ रोजीं तिला पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थाननें तेथील रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर तिची नेमणूक केली. परंतु क्षयानें तिला गांठलें होतें; २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत तिचा अंत झाला. कामा रुग्णालय नुकतेंच उघडलें होतें आणि जिनें तसल्याच कामासाठीं प्राण वेंचले, तिला मायदेशीं एकही दिवस रोग्याच्या उशाशीं बसतां आलें नाहीं. एकाच व्यक्तीच्या खांद्यावर सर्व भार टाकल्यानें काय होतें, हेंही यावरून दिसतें. व्यक्ति जाते, तिचें काम पुढें नेण्यास संस्था लागते.

पन्नाच्या महाराणीच्या निरोपाचें उत्तर १८८५ च्या ऑगस्टांत आलें. व्हॉइसरॉयांच्या पत्नी लेडी डफरिन यांनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्रियांकडून वैद्यकीय मदत पोंचविण्यासाठीं सर्व देशाकरितां निधि उभारला. स्त्रियांना वैद्यक शिकविणें, दवाखाने व रुग्णालयें स्थापणें आणि नर्स व सुइणी तयार करणें, असे त्याचे हेतु होते. मुंबईच्या निधीच्या हेतूंशीं ते पुष्कळसे जुळतात, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल. डफरिन निधीनें पुष्कळ काम केलें. त्याच्या नांवाचीं रुग्णालयें अनेक शहरांत उभीं राहिलीं. परंतु त्याचा एक दोषही इतिहासानें पाहिला. व्हॉइसरॉयांच्या पत्नीनें शब्द टाकला, म्हणजे संस्थानिक आणि सावकार वर्गणी देत. तींत रोग्याच्या दुःखाइतकीच वरिष्ठांची मर्जी राखण्याचीही इच्छा असे. आणि ठिकठिकाणच्या स्त्री-डॉक्टरांना पुरुष सिव्हिल सर्जनच्या देखरेखीखालीं काम करावें लागे. डॉक्टरीणबाई आल्या, परंतु निर्णय त्यांच्या हातीं राहिला नाहीं. कामाशेटजींच्या अटीचें महत्त्व येथें कळतें.

देणगीबरोबर येणाऱ्या अटीला आपण सहसा भितों, आणि तें कांहीं अंशीं योग्यही आहे. दात्याचा पुतळा उभारावा, त्याच्या जातीच्या रोग्यांना आधीं घ्यावें, त्याच्या भाच्याला नोकरी द्यावी, असल्या अटींनीं संस्था पोखरली जाते. परंतु अट रोग्याच्या बाजूची असेल, तर ती संस्थेचा कणा होते. याचें आणखी एक उदाहरण परळचें. तेथील के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज यांचा जन्म अशाच एका अटींतून झाला. सेठ गोवर्धनदासांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनीं मोठी रक्कम देतांना अशी अट घातली, कीं तेथें शिकविणारे अध्यापक हिंदी असावेत आणि ते सरकारी नोकरींतले नसावेत. त्या काळीं वैद्यकाच्या वरच्या जागा गोऱ्या सरकारी डॉक्टरांकडे असत आणि गुणी हिंदी डॉक्टर बाहेर राहत. १९२५ सालीं कॉलेज आणि १९२६ सालीं रुग्णालय सुरू झालें. महानगरपालिकेनें चालू खर्चाचा भार उचलला. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे गरीब रोगी त्या दाराशीं उभे राहतात, त्याच्या मुळाशीं ही एक अट आहे.

मागणाऱ्याची खरी परीक्षा शहराबाहेर लागते. शहरांत दाता आणि रोगी एकाच रस्त्यावरून जातात. खेड्यांतला रोगी दात्याला दिसतही नाहीं. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, त्याच्या इमारतीचा पैसा अमेरिकेंतील फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनीं दिला. आगगाडीचीं एंजिनें बांधणाऱ्या कारखान्याचे हे मालक कोठें आणि कृष्णाकांठचा शेतकरी कोठें? दोघांमधलें अंतर पत्रांनींच जोडलें. आणि तीनच वर्षांनीं, १८९७ सालीं, वानलेस यांनीं तेथें वैद्यकाची शाळाही काढली. आधीं उपचार आणि लगेच येथल्याच माणसांची तयारी, हा क्रम मुंबईच्या निधीसारखाच आहे. पुण्यांत रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनानेंही हेंच ओळखलें. १९०९ सालीं तेथें सेवासदन सुरू झालें, आणि थोड्याच काळांत ससून रुग्णालयांत स्त्रियांना नर्सचें शिक्षण देण्याची व्यवस्था संस्थेनें केली. ज्या विधवेला घरांत कोपऱ्यांत बसविलें होतें, तीच पांढरा पोशाख घालून रोग्याच्या उशाशीं उभी राहिली. वर्गणीच्या एकाच पैशानें दोघींचें कल्याण झालें.

पीचीबाईंच्या कामालाही असेंच फळ आलें. रखमाबाईंचा खटला आपणांस ठाऊक आहे. लहानपणीं झालेलें लग्न मान्य न करणाऱ्या या तरुण स्त्रीवर १८८४ पासून कोर्टकचेरीचें संकट कोसळलें होतें. त्यांतून सुटल्यावर त्यांनीं डॉक्टर व्हावें म्हणून पीचीबाईंनीं उत्तेजन दिलें आणि शिक्षणासाठीं पैसा जमविण्यास साहाय्य केलें. १८९४ सालीं रखमाबाई विलायतेंत डॉक्टर झाल्या. परत आल्यावर त्यांनीं सुरत आणि पुढें राजकोट येथें स्त्रियांची सेवा केली, ती तीन तपांच्या घरांत. ज्या स्त्रीविषयीं वर्तमानपत्रांतून नाहीं नाहीं तें लिहिलें गेलें, तिच्यासाठीं वर्गणी मागणें सोपें नव्हतें. आनंदीबाईंचें अपुरें राहिलेलें काम अशा रीतीनें दुसऱ्या एका महाराष्ट्रीय स्त्रीच्या हातून पुढें चाललें.

आतां आजच्या काळाकडे वळूं. आज मागण्याची दारें पुष्कळ झालीं आहेत. १८८२ सालीं कामाशेटजींसारख्या एखाद्या उदार गृहस्थाच्या मर्जीवर सर्व अवलंबून असे. आज कांहीं गोष्टी कायद्यानेंच बांधलेल्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितलें आहे, आणि त्या कार्यांत आरोग्याचा समावेश आहे. महाराष्ट्रांतील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठीं मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं त्याची योजना घालून दिली. म्हणजे जें पूर्वीं दान होतें, त्याचा कांहीं भाग आतां हक्क झाला आहे. परंतु हक्काच्या खाटेचीही विचारपूस कोणीतरी करावी लागते. खाट राखून ठेविली आहे आणि ज्या बाईला ती हवी तिला तें ठाऊकच नाहीं, तर ती पुन्हां नोंदवहीबाहेरच राहिली. दार मोकळें असूनही आंत येतां न येणें, हीच ती जुनी गोष्ट.

आणि अशा नोंदवहीबाहेरच्या माणसांची आजही वाण नाहीं. मेळघाटांतलें आणि गडचिरोलींतलें आदिवासी कुटुंब, ऊसतोडीसाठीं सहा महिने गांव सोडणारी मजूर बाई, शहराच्या पुलाखालीं संसार मांडलेलें जोडपें. यांच्यासाठीं काम करणाऱ्या लहान लहान संस्था आज अर्ज लिहीत असतात. त्यांच्यापैकीं कोणी हें भाषण ऐकत किंवा वाचत असतील, तर एका वृद्ध मास्तरचें त्यांना इतकेंच सांगणें आहे. अर्जांत प्रथम तें लिहा, जें कोणत्याही नोंदवहींत नाहीं: कोण येत नाहीं आणि कां येत नाहीं. मग जो उपचार करणार त्या माणसाचा खर्च लिहा आणि भिंतींचा खर्च त्यानंतर लिहा. दुसऱ्या, तिसऱ्या, पांचव्या वर्षीं पैसा कोठून येईल, तें न लपवितां सांगा. दात्याची अट रोग्याच्या उपयोगाची असेल तर ती आनंदानें घ्या. नसेल तर थैली परत करण्याचें धैर्य ठेवा. आणि खर्च झालेल्या पैचा हिशेब, मागितला नसला तरी, वेळेवर पाठवा. दुसऱ्या अर्जाला याहून चांगली शिफारस नाहीं.

आपणां श्रोत्यांपैकीं बहुतेक जण अर्ज लिहिणारे नसतील. ज्यांच्या दाराशीं वर्गणीचें पुस्तक येतें, असे असतील. आपणांसही एक विनंती आहे. पुस्तक घेऊन आलेल्या मनुष्याला दारांतून वाटेस लावण्यापूर्वीं खुर्ची द्यावी आणि विचारावें, कीं बाबा, तुमच्या दवाखान्यांत कोण येऊं शकत नाहीं? ज्याला या प्रश्नाचें उत्तर नीट देतां येईल, त्याला आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावें. आणि देतांना जमल्यास इमारतीसाठीं न देतां नर्सच्या पगारासाठीं द्यावें. त्या देणगीवर आपलें नांव कोणी कोरणार नाहीं. परंतु एखाद्या रात्रीं दूरच्या पाड्यावर एखादी बाळंतीण सुखरूप सुटेल, आणि तिच्या उशाशीं ती नर्स असेल.